नेतृत्वाचा पुरावा

नेतृत्व कसं करावं हे मी विद्यापीठात एकोणीस वर्षं शिकवतो आहे, आणि या एकोणीस वर्षांत माझ्या सांगण्यावरून वर्गातली खिडकीसुद्धा कोणी बंद केलेली नाही. मीच उठून करतो. कडी सैल असल्यामुळे ती पुन्हा उघडते, पण तो देखभाल विभागाचा प्रश्न आहे आणि त्यांच्याकडे माझा अर्ज गेलेला आहे.

आमचे विभागप्रमुख माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. मला 'सर' म्हणतात, पण जिन्यात एखाद्या म्हाताऱ्याला 'सांभाळून' म्हणावं अशा सुरात. एका मंगळवारी त्यांनी मला खोलीत बोलावलं, बसा म्हणाले नाहीत, आणि माझी बढतीची फाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवली. ही फाइल सहा वर्षं फिरते आहे. मी जेव्हा जेव्हा चौकशी केली तेव्हा तेव्हा 'प्रक्रिया सुरू आहे' एवढंच उत्तर मिळालं, आणि खोटं कशाला बोलू, सुरू असलेल्या गोष्टीचा माणसाला एक आधार असतो. या वेळी मात्र समितीनं हिरव्या शाईत शेरा मारला होता : 'अर्जदाराने संस्थेत प्रत्यक्ष नेतृत्व केल्याचा पुरावा जोडावा.'

"मी नेतृत्वावर दोन पाठ्यपुस्तकं लिहिलीत," मी म्हणालो.

"ती वाचली असतील त्यांनी, म्हणूनच म्हणत असतील," विभागप्रमुख म्हणाले. मग थोडे मऊ झाले. "सर, एक काम करा. आपल्या मुलांसाठी 'नेतृत्व आणि करिअर विकास दिवस' करू. एखादा मोठा पाहुणा, व्याख्यान, प्रश्नोत्तरं, फोटो. तुम्ही मुख्य संयोजक. अहवाल जोडला की पुरावा झाला."

"आणि तुम्ही?"

"मी अध्यक्षस्थानी असेन."

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती इस्पितळाच्या नोंदणी विभागात काम करते. दिवसभर लोकांचे आजार अक्षरांच्या क्रमानं लावत असल्यामुळे तिला कशाचं कौतुक असं वाटत नाही. ती म्हणाली, "मागच्या वर्षी इमारतीच्या बैठकीत तुम्हाला खुर्च्या मोजायला सांगितलं होतं. तुम्ही तीनदा मोजल्या, तीन वेगळे आकडे आले, आणि चौथ्यांदा मोजायला गेलात तर लोक उठून निघाले होते."

"खुर्च्या मोजणं हे नेतृत्व नाही," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

आमच्या खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर राहतात. इमारतीत कोणाच्याही घरी काही ठरलं की त्यांना वर यावं लागतं, असं त्यांना वाटतं. पाण्याची टाकी, आमच्या मुलाचं परदेशी जाणं, माझी दाढ, या सगळ्यांत त्यांनी मार्गदर्शन केलेलं आहे. दाढ चुकीची काढली गेली, पण डॉक्टर त्यांनीच सुचवला होता म्हणून मला काही बोलता आलं नाही. ते दुसऱ्याच दिवशी सकाळी चहाच्या वेळेला आले.

"कार्यक्रमाचं एकच सूत्र असतं," ते खुर्चीत स्थिरावत म्हणाले. "पाहुणा. पाहुणा वजनदार असला की सतरंजीला भोकं असली तरी कोणाला दिसत नाहीत. तुमच्याकडे कोण आहे?"

मी एका निवृत्त कुलसचिवाचं नाव घेतलं.

"तो बोलताना झोपतो. श्रोत्यांचं म्हणत नाही मी, तो स्वतः झोपतो." त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्या जावयाला बोलवा."

या जावयाबद्दल आमच्या इमारतीत माहीत नाही असा माणूस नाही. एका मोठ्या कंपनीचा उपाध्यक्ष. मॅनेजर त्याला नावानं हाक मारत नाहीत, 'उपाध्यक्ष' असंच म्हणतात. उपाध्यक्षांना सर्दी झालीये. उपाध्यक्षांना वांगं चालत नाही. मला खरं तर त्या जावयाचा मनातून राग होता, कारण मॅनेजर त्याच्याबद्दल बोलले की बायको माझ्याकडे बघायची. पण विभागप्रमुखांना हे सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदाच मला बसायला सांगितलं. तेव्हा राग गिळला.

पाहुणा ठरला, आता सभागृह. विद्यापीठाचं सभागृह मिळवायला एक अर्ज असतो, आणि तो अर्ज ज्या कारकुनाकडे असतो ते गृहस्थ खिडकीत अशा कोनात बसतात की त्यांना आपण दिसतो पण आपल्याला त्यांचा फक्त कान दिसतो. मी त्या कानाला तीन दिवस कार्यक्रमाचं स्वरूप समजावून सांगितलं.

"नेतृत्व आमच्या यादीत नाही," कान म्हणाला. "यादीत चारच प्रकार आहेत. सांस्कृतिक, क्रीडा, शोकसभा आणि इतर."

"मग इतर लिहितो."

"इतरला पाच सह्या लागतात. त्यातले एक साहेब रजेवर आहेत. सांस्कृतिक लिहा."

"लिहितो."

"मग तुमचं नृत्य कोण बसवतंय त्याचं संमतिपत्र आणा."

मी दमून खिडकीच्या कठड्यावर हात टेकला. तेव्हा ते गृहस्थ पहिल्यांदा माझ्याकडे वळले. चेहरा अगदी कनवाळू होता. हळू आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही सज्जन आहात म्हणून सांगतो. शोकसभा लिहा. शोकसभेला कोणी अडवत नाही. उभ्याउभ्या मंजूर होते."

मी शोकसभा लिहिलं. आता तुम्ही म्हणाल की इतका शिकलेला माणूस असं कसं लिहितो. तर त्याचं उत्तर असं की तिसऱ्या दिवशी माणूस शिकलेला राहत नाही.

राहता राहिली मुलं. मी फलकावर सुंदर सूचना लावली, 'उद्याचे नेते घडताना' असा मथळा दिला, आणि खाली नाव नोंदवायला कागद. चार दिवसांत तीन सह्या झाल्या. त्यातली एक पेन चालतंय का ते बघायला केलेली रेघ होती. मुलांचं चूक नाही. व्यवस्थापनाच्या मुलांना आम्ही वर्षातून सहा वेळा नेते बनवतो. त्यांना आता त्याची सवय झाली आहे.

विभागप्रमुखांनी ती सूचना उतरवली आणि नवीन लावली. तिच्यात ठळक अक्षरांत होतं : 'निवडक बारा विद्यार्थ्यांना पाहुण्यांच्या कंपनीत उन्हाळी प्रशिक्षण व पुढे नोकरीची संधी.'

"हे बारा कुठून आले?" मी विचारलं.

"उपाध्यक्ष येतायत, सर. रिकाम्या हातानं थोडेच येतील. डझनभर तर देतीलच."

"त्यांना विचारलंय का?"

"ते विचारायचं काम संयोजकांचं," विभागप्रमुख म्हणाले.

दोन दिवसांत एकशे चाळीस नावं आली. प्रत्येकानं आपली माहिती आणि गुणपत्रक जोडायचं होतं, आणि तो ढीग माझ्या टेबलावर येऊन पडल्यावर मी त्याच्याकडे बघत बसलो होतो, तेवढ्यात शेवटच्या वर्षाची वर्गप्रतिनिधी आत आली. ही मुलगी कमी बोलायची. वडील रखवालदार, दिवसभर फाटकावर उभे असतात, आणि तीही बोलताना उभीच राहायची, बस म्हटलं तरी. तिनं ढीग उचलला, दुसऱ्या दिवशी परत आणला तेव्हा प्रत्येक अर्जाला क्रमांक होता, वर यादी होती, आणि ज्यांनी फोटो चिकटवला नव्हता त्यांच्याकडून तो आणलेला होता. बाकीचं कामही तिनं हळूहळू माझ्या हातातून काढून घेतलं. बॅनर, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, पाहुण्यांना फाटकावरून कोण आणणार. मी सांगायला तोंड उघडायचो तोवर ते झालेलं असायचं. अहवालात मी हे 'संयोजकांच्या मार्गदर्शनाखाली' असं लिहिलं आहे.

एकदा जाताना ती दारात थांबली. "सर, एक विचारायचं होतं. मालवाहतुकीची एक कंपनी आहे, तिच्या गोदामात मला जागा मिळालीये. माल चढवण्या-उतरवण्याचं वेळापत्रक बघायचं काम. त्यांना कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत कळवायचंय. आणि इथल्या बारांत माझा गुणांनी पहिला नंबर लागतोय. काय करू?"

"अग, गोदाम काय आणि ही कंपनी काय," मी म्हणालो. हे मी तोपर्यंत पाहुण्यांशी एकदाही न बोलता म्हणालो होतो.

कार्यक्रम मंगळवारी. रविवारी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात चाळिशीचा एक माणूस, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कार्यालयात नेतात तसली बॅग. रविवारी. खालच्या मजल्यावर सासऱ्यांकडे न थांबता तो थेट वर आला होता. उपाध्यक्ष.

पाणी प्यायला, बायकोच्या आग्रहाला नाही म्हणाला, आणि मग बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत म्हणाला, "तुम्हाला सांगितलेलं बरं. मला कंपनीनं काढून टाकलंय. मंगळवारी बरोबर तीन महिने होतील."

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो, कारण प्रामाणिकपणे सांगायचं ठरवलं आहे. मला वाटलं, आता या मॅनेजरांचं तोंड एकदाचं बंद होईल. दुसऱ्यांदा वाटलं, माझा पुरावा गेला. त्या माणसाचं काय होणार हे मला तिसऱ्यांदा वाटलं.

"घरी माहीत नाही," तो म्हणाला. "सकाळी आठला बाहेर पडतो. सुरुवातीला बागेत बसायचो, पण तिथे ओळखीचे लोक फिरायला येतात. आता फर्निचरच्या त्या मोठ्या दुकानात जातो. वरच्या मजल्यावर सोफे मांडलेले असतात. तिथला विक्रेता ओळखायला लागलाय. त्याला वाटतं मला कोणता घ्यायचा ते ठरवता येत नाही." तो किंचित हसला. "बिचारा रोज नवीन रंग दाखवतो."

"मग तुम्ही कार्यक्रमाला हो का म्हणालात?"

"सासऱ्यांनी विचारलं. नाही म्हणायला कारण काय देऊ? आणि... तीन महिन्यांत कोणी मला कुठे बोलावलं नव्हतं."

तो गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. सगळं ऐकलं होतं तिनं. म्हणाली, "मॅनेजरांना काही सांगू नका, तो त्यांच्या घरचा प्रश्न. पण पोरांना सांगा. एकशे चाळीस पोरं आहेत."

"बघतो," मी म्हणालो.

"बघू नका. सांगा."

सोमवारी मी सगळ्यात आधी विभागप्रमुखांकडे गेलो. दार लावून घेतलं आणि सांगितलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, त्यांनाही त्या माणसाचं वाईट वाटलं.

"बॅनर छापून आलाय ना?" त्यांनी विचारलं.

"आलाय."

"मग बॅनर उतरेपर्यंत ते उपाध्यक्ष आहेत," विभागप्रमुख म्हणाले. "सर, तुम्ही मला काही सांगितलेलं नाही. आणि तुम्हालाही कोणी काही सांगितलेलं नाही. समितीची बैठक महिनाअखेरीला आहे. बघा आता."

मी बघितलं. म्हणजे काहीच केलं नाही.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता सभागृहात पाय ठेवला आणि मला त्या कनवाळू कारकुनाची आठवण झाली. अर्जात शोकसभा लिहिलेलं असल्यामुळे सभागृह विभागानं आपलं काम चोख केलं होतं. मंचावर पांढरी चादर. दोन बाजूंना पांढऱ्या फुलांची चक्रं. मधोमध फोटो ठेवायची लाकडी तिवई. दारावर पाटी होती, 'कृपया शांतता राखा', आणि दारापाशी एक शिपाई हात बांधून उभा होता. त्यानं मला बघून मान खाली घातली आणि कुजबुजला, "फार वाईट झालं."

वर्गप्रतिनिधी पळत आली. "सर, मी फुलं उचलायला सांगतेय, तर ते म्हणतात नोंद झालीये, बारा वाजेपर्यंत हलवता येणार नाहीत. माईकचा आवाजही कमी ठेवलाय. शोकसभेला मोठा आवाज चालत नाही म्हणे."

विभागप्रमुख आले. त्यांनी एकदा सगळं पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. पण हा माणूस नऊ वर्षं लहान असून माझ्या पुढे का गेला ते मला तेव्हा कळलं. ते म्हणाले, "तिवई छान आहे. पाहुण्यांचा फोटो छापलाय ना? ठेवा त्यावर."

फोटो ठेवला. मोठा, रंगीत, हसरा. खाली 'उपाध्यक्ष'. दोन्ही बाजूंना पांढरी फुलं.

दहा वाजता सभागृह भरलं. पहिल्या रांगेत मॅनेजर, इस्त्रीच्या कोटात, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांच्या शेजारी दोन वृद्ध निवृत्त प्राध्यापक येऊन बसले. हे दोघे विद्यापीठातली एकही शोकसभा चुकवत नाहीत. सभागृहाबाहेरच्या यादीत वाचून आले होते. पाहुणा आत आला, आपला फोटो बघून थबकला, आणि मी घाईघाईनं सारवासारव करायला पुढे झालो तर तो शांतपणे म्हणाला, "असू द्या. बरोबरच आहे."

वृद्ध प्राध्यापकांपैकी एक उठून त्याच्याजवळ गेले. त्याचा हात दोन्ही हातांत धरला, फोटोकडे बघून मान हलवली. "तुमचा भाऊ का? चेहरा अगदी तसाच आहे. फार लवकर गेला."

"हो," पाहुणा म्हणाला. "लवकरच म्हणायचं."

विभागप्रमुखांनी प्रास्ताविक केलं. त्यात पाहुण्यांचा उल्लेख 'यशाच्या शिखरावर असलेले' असा तीनदा आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या की दारातला शिपाई बोट ओठांवर ठेवायचा, आणि टाळ्या मधेच विरायच्या. मग पाहुणा बोलायला उभा राहिला. मी मंचाच्या टोकाला, हातात प्रश्नोत्तरांचा माईक घेऊन बसलो होतो.

तो चांगलं बोलला. वाईट बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं नेतृत्व, शिखर, ध्येय यातलं काही सांगितलं नाही. कंपनीत पहिल्या दिवशी आपल्याला छपाईचं यंत्र कसं बंद करायचं ते माहीत नव्हतं आणि तीनशे पानं कशी वाहत बाहेर आली ते सांगितलं. खूप वर्षांनी त्यानं स्वतः अकरा माणसांना कामावरून काढलं होतं. वरून यादी आली म्हणून. त्यातल्या एकानं विचारलं होतं, 'साहेब, घरी काय सांगू?' आणि त्यानं उत्तर दिलं होतं, 'ते तुम्ही ठरवा.' पाहुणा म्हणाला, "हल्ली मला ते रोज आठवतं." शिपायालासुद्धा ओठावर बोट ठेवायची गरज राहिली नाही. विभागप्रमुख मात्र घड्याळाकडे बघत होते.

प्रश्न विचारा, असं मी जाहीर केलं. एका मुलानं यशाचं रहस्य विचारलं. दुसऱ्यानं कोणती पुस्तकं वाचावीत ते विचारलं. मग वर्गप्रतिनिधी उभी राहिली. तिच्या हातात एकशे चाळीस अर्जांची ती जाड फाइल होती.

"सर, मला एवढंच विचारायचंय. त्या बारा जागा नक्की आहेत ना? काही जणांना दुसरीकडे उद्यापर्यंत कळवायचंय."

पाहुण्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. तिच्याकडे बघितलं. मग पहिल्या रांगेत सासऱ्यांकडे बघितलं. मॅनेजर त्याच्याकडेच बघत होते, किंचित पुढे वाकून. "खरं सांगायचं तर," पाहुणा म्हणाला, "मी तुम्हाला एक..."

आणि मी बोललो. एकोणीस वर्षांत मी कधी कोणाचं बोलणं तोडलेलं नाही. बायकोचं नाही, वर्गात झोपलेल्या मुलाचं घोरणं नाही. त्या दिवशी तोडलं. माईक तोंडाशी नेला आणि म्हणालो, "प्रक्रिया सुरू आहे. योग्य वेळी कळवण्यात येईल."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. शिपायानं बोट ओठांवर ठेवलं. पाहुणा खाली बसला. वर्गप्रतिनिधीनं मंचावर येऊन फाइल त्याच्या हातात दिली, आणि ती देतानाचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे.

मी स्वतःची समजूत अशी घातली : पहिल्या रांगेत तो म्हातारा बसला होता. जावयाचा त्याला केवढा अभिमान. भर सभेत, पांढऱ्या फुलांच्या मध्ये, त्याच्या काळजाला धक्का बसला असता तर? मी माणुसकी केली. ही समजूत मला अकरा दिवस पुरली. विभागप्रमुखांनी त्या अकरा दिवसांत अहवाल पाठवला. बायकोनं विचारलं, "पोरांना सांगितलंत?" मी म्हणालो, "निकाल लागू दे त्यांचा." मग ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायला लागली. सवयीमुळे मला ते दोन दिवस लक्षात आलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी मॅनेजर वर आले. चहा नको म्हणाले. बगलेत ती जाड फाइल.

"जावयानं दिलीये," ते म्हणाले. "परत करायला त्याला तोंड नाही म्हणून मी आलो. यात शेवटी त्याचाही एक अर्ज लावलाय. क्रमांक एकशे एक्केचाळीस. तुमची मुलं कुठे अर्ज पाठवणार असतील तर त्यांच्याबरोबर जाऊ द्या."

मी फाइल हातात घेतली. ती खरोखर जड होती. "म्हणजे तुम्हाला आता कळलं तर," मी म्हणालो.

"आता कसलं. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कंपनीनं त्याच्या टेबलावरचं सामान खोक्यात भरून घरी पाठवलं. मुलीनं ते माळ्यावर लपवलं आणि मला फोन केला. तिला वाटलं, तो आपण होऊन सांगेल. तीन महिने ती सकाळी डबा भरून देत होती आणि संध्याकाळी 'आज काम कसं होतं' विचारत होती." मॅनेजर दाराच्या चौकटीला टेकले. मी त्यांना कधी टेकलेलं बघितलं नव्हतं. "म्हणून मी त्याचं नाव सुचवलं तुम्हाला. म्हटलं, कोवळी मुलं समोर बसली की माणसाला खोटं बोलता येत नाही. तो बोलेल. एकदा चारचौघांत बोलला की घरी बोलणं सोपं जाईल. मी त्यासाठीच पुढे बसलो होतो. आणि तो बोलणारच होता."

मला सल्ला न देता मॅनेजर खाली गेले, असं आमच्या ओळखीत पहिल्यांदाच झालं.

त्याच दिवशी मी वर्गप्रतिनिधीला खोलीत बोलावलं. बस म्हणालो. ती उभी राहिली. मी सुरुवात कंपनीच्या बदललेल्या धोरणानं केली. मग ते मलाच ऐकवेना, म्हणून सरळ सांगितलं. जागा नव्हत्या. कधीच नव्हत्या. पाहुण्यांनाच नोकरी नव्हती.

ती म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं, सर?"

"रविवारी."

"कार्यक्रमानंतरच्या?"

"आधीच्या."

तिनं मान हलवली. मला वाटलं, रडेल, किंवा काहीतरी बोलेल. बोलली असती तर मला उत्तर तयार होतं, मी सकाळपासून ते जुळवत होतो. पण ती म्हणाली, "मग ही फाइल द्या माझ्याकडे. बाकीच्यांचे फोटो आणि मूळ गुणपत्रकं आहेत यात. परत करायला हवीत." तिनं एकेक अर्ज ज्याचा त्याला दिला. प्रत्येकाला कारणही तिनंच सांगितलं असावं, कारण चार मुलं माझ्याकडे विचारायला आली ती सगळं माहीत असलेल्या चेहऱ्यानं आली, आणि मी 'प्रक्रिया' एवढं म्हणेपर्यंत निघूनही गेली. एकशे एक्केचाळीसावा अर्ज तिनं काय केला ते मी विचारलं नाही. नंतर मॅनेजरांच्या बोलण्यातून समजलं की मालवाहतुकीच्या त्या कंपनीतून जावयाला बोलावणं आलं. गोदामाचं वेळापत्रक बघायचं काम. तिनं सोडलेली जागा रिकामीच होती, आणि अर्ज तिनंच तिथे नेऊन दिला होता.

समितीची बैठक महिनाअखेरीला झाली. माझा अहवाल त्यांना आदर्श वाटला. विशेषतः प्रश्नोत्तरांच्या वेळी संयोजकांनी दाखवलेलं प्रसंगावधान, ज्याबद्दल विभागप्रमुखांनी स्वतंत्र परिच्छेद लिहिला होता. सहा वर्षांची प्रक्रिया वीस मिनिटांत संपली. विभागप्रमुख अधिष्ठाता झाले.

परीक्षेच्या निकालानंतर वर्गप्रतिनिधी एकदा आली. एका औषधांच्या वितरकाकडे तिला मुलाखतीला जायचं होतं, शिफारसपत्र हवं होतं. मी ते मन लावून लिहिलं. इतकं चांगलं पत्र मी कोणासाठी लिहिलेलं नाही. तिनं ते उभ्यानंच वाचलं, दोनदा, आणि कागद माझ्यासमोर ठेवून एका ओळीवर बोट ठेवलं.

"सर, हे 'उत्तम नेतृत्वगुण' काढाल का?"

"का ग? खरंच आहेत तुझ्यात."

"नको. 'कामाला चोख' एवढंच लिहा. तेवढं पुरेल."

मी ती ओळ काढली, पत्र पुन्हा छापलं, आणि सही केली. सहीखाली नवा शिक्का उठवला. 'प्राध्यापक'. तो शिक्का पहिल्यांदाच वापरत होतो. शाई थोडी जास्त झाली. तिनं कागद वाळेपर्यंत हातात आडवा धरला, आणि त्यावर फुंकर घालता घालता शिक्का वाचला.

"अभिनंदन, सर," ती म्हणाली, आणि जाताना माझ्या खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं.